पर्समध्ये मावेल असं पिस्तूल

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला तेव्हा त्या जरा चाचरतच बोलत होत्या. या वर्षी सभासदांनी आपापल्या नोकरीवर लिहायचं ठरलंय, बँक झाली, हॉस्पिटल झालं, आयटीवर तर ढिगाने आलंय, तुम्हीही लिहाल का, पण... "मंदाताई, जमलं तर थोडं सौम्य लिहा हं. मुलंबाळं वाचतात." मी हो म्हटलं. आमची मुलंबाळं मराठी वाचत नाहीत हे दुःख बाजूला ठेवू. पण माझा धंदा बाहेरून वाटतो त्याहून कितीतरी सौम्य होता. कॅनडातल्या किचनर शहराच्या कडेला, हायवेला लागून असलेल्या एका दुकानात मी बंदुका विकायचे.

मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि ती कशी कोण जाणे, मला लागूच पडली. पुढे रायफल क्लब, जिल्ह्याच्या स्पर्धा, एक-दोन ढाली, मग लग्न. लग्नानंतर हे इंजिनियर म्हणून किचनरला आले आणि मी त्यांच्यामागून. पहिली दोन वर्षं मी एका कापडाच्या दुकानात पडद्यांची मापं घेतली. एकदा यांच्या ऑफिसातला कुणी तरी शिकारीचं सामान घ्यायला चालला होता, त्याच्याबरोबर आम्हीही गेलो, आणि काचेमागे ओळीने लावलेल्या रायफली बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दारावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी होती. यांनी माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

दुकानाचा मालक वॉल्टर. जर्मन वळणाचा, उंच, आणि बोलण्यात महाकंजूष. त्याने मुलाखतीत एकही प्रश्न विचारला नाही. एक रायफल काउंटरवर ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मी ती उचलली, नळीचं तोंड भिंतीकडे केलं, बोल्ट उघडून आत बोट घालून रिकामी आहे ना ते बघितलं आणि उघडीच त्याच्यापुढे ठेवली. "मंडे," तो म्हणाला. मी सोमवारपासून कामाला लागले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. मंदाकिनीची 'मँडी' त्याच आठवड्यात झाली.

गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक शेतकरी, हरणांचे शिकारी आणि निशाणेबाजीचा छंद असलेले लोक. नवा माणूस आला की काउंटरवर कपाळाला टिकली लावलेली बाई बघून इकडेतिकडे बघायचा. "कॅन आय टॉक टु वन ऑफ द गाइज?" मागच्या वर्कशॉपमधून लेथच्या आवाजावर वॉल्टरचा आवाज यायचा, "शी इज द गाय." एवढं एक वाक्य तो दिलखुलास बोलायचा. पुढेपुढे तेच शिकारी बायकांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, मँडीला विचार. माझ्या मुलीला मात्र शाळेत लाज वाटायची. तुझ्या मित्रमैत्रिणींनी मला विचारलं तर काय सांगू, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "आई, जस्ट से स्पोर्टिंग गुड्स."

आपल्या मराठी लोकांना मी दुकानात आहे हे कळल्यावर काही जणांची पावलं तिकडे वळू लागली. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक निवृत्त डॉक्टर आले. सत्तरच्या दशकात आलेले, मंडळाचे आधारस्तंभ. त्यांना हॉलमध्ये शस्त्रपूजा करायची होती आणि त्यासाठी एक खरंखुरं पिस्तूल हवं होतं. "फक्त दोन तास हो मंदाताई. पूजा झाली की स्वतः आणून देतो. हळदीकुंकवाने काही खराब होत नाही." मी त्यांना समजावलं की इथे पिस्तूल दुकानातून निघालं की कुठे चाललंय, कुठल्या रस्त्याने चाललंय, याचीसुद्धा परवानगी लागते, आणि मंडळाचा हॉल त्यात बसत नाही. ते हिरमुसले. शेवटी मी सुचवलं, बर्फ उपसायच्या फावड्याची, स्नो शोव्हलची पूजा करा, इथे सहा महिने तेच आपलं शस्त्र. आणि त्यांनी खरोखर केली. मी स्वतः मात्र दर खंडेनवमीला वॉल्टरच्या लेथला हळदकुंकू वाहायचे. झेंडू नसले तर ग्रोसरीबाहेर मिळणारी पिवळी मम्स, म्हणजे आपली शेवंती. वॉल्टरने पहिल्या वर्षी भुवया वर केल्या, दुसऱ्या वर्षी फुलं कधी येणार असं विचारलं.

पण आपल्या लोकांची खरी गडबड व्हायची ती लायसन्सच्या बाबतीत. भारतात पिस्तुलाचं लायसन्स हवं असेल तर तुमच्या जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. त्यामुळे आपला माणूस ते घोकूनच येतो. सेफ्टी कोर्स मीच शिकवायचे. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारायचे, तुम्हाला हँडगन कशासाठी हवी? पुण्याचा एखादा सॉफ्टवेअरवाला ताठ बसून सांगायचा, "फॉर सेल्फ-प्रोटेक्शन, मॅम." बाकीचे वळून त्याच्याकडे बघायचे. मग मी सांगायचे की बाबा रे, इथे सगळं उलटं आहे. कॅनडात तू म्हणालास की क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचाय, तर लायसन्स मिळेल. स्वसंरक्षणासाठी खिशात बाळगायचंय म्हणालास तर तिथेच गाडी अडेल. तसा परवाना रोकड नेणाऱ्या व्हॅनवरच्या पहारेकऱ्याला मिळतो, रानात अस्वलांच्यात काम करणाऱ्याला मिळतो. तुला मला नाही.

यात भर घातली इंटरनेटने. दोन हजार सालानंतर लोक अमेरिकन वेबसाइटवरची पानं प्रिंट करून आणायला लागले. 'खिशाला परवडणारी, लपवून बाळगता येणारी छोटी पिस्तुलं' अशा छापाची. सरहद्द इथून गाडीने दीड-दोन तासांवर, पण पिस्तुलाच्या बाबतीत ती सरहद्द फार मोठी. त्या पानांवरची निम्मी पिस्तुलं माझ्या दुकानात येऊच शकत नव्हती, कारण नळी चार इंचांच्या आसपास किंवा त्याहून आखूड असली की इथे सरळ बंदी.

आता या विषयात शिरलेच आहे तर अनोळखी वाचकासाठी थोडं सांगते, कारण हे सांगताना माझी कॉलर जरा ताठ होते. सगळ्यांना वाटतं, छोटा हात म्हणजे छोटं पिस्तूल. नवरे तर बायकोसाठी घ्यायला येतात आणि खेळण्यातल्यासारखं दिसेल ते मागतात. प्रत्यक्षात पिस्तूल जितकं छोटं आणि हलकं तितका त्याचा झटका मोठा, कारण तो सोसायला लोखंडच नसतं. त्याची स्प्रिंग कडक, वरचा भाग मागे ओढताना बोटं सोलून निघतात. नेम धरायच्या दोन खुणा एकमेकींच्या इतक्या जवळ की हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडे. नवशिक्याला मी नेहमी मोठं, जड, साधं पिस्तूल द्यायचे. मुठीत नीट बसतंय ना, तर्जनी ताण न पडता चापापर्यंत पोचते ना, एवढं बघायचं. आणि स्वस्त पिस्तूल असं काही नसतंच, कारण सरावाच्या गोळ्यांवर पिस्तुलापेक्षा जास्त खर्च होतो. हे ऐकून अर्धी माणसं निघून जायची. वॉल्टर कधी रागावला नाही. चुकीच्या माणसाला विकलेली बंदूक आपल्यालाच झोपू देत नाही, असं त्याचं मत होतं.

अनघा आली ती मार्च महिन्यातल्या एका दुपारी. बाहेर बर्फाचा चिखल, दुकानात कुणी नाही. पस्तिशीची, नागपूरकडची, जवळच्या मिल्टन गावात राहणारी, तिथल्याच एका लॅबमध्ये काम करणारी. मी तिला ओळखत होते. गणपतीत तिचा नवरा पराग सूत्रसंचालन करायचा. हसतमुख, हजरजबाबी, म्हाताऱ्या माणसांना स्वतः ताट नेऊन देणारा. बायका म्हणायच्या, जावई असावा तर असा. अनघा त्याच्यामागे माइकची वायर गुंडाळत उभी असायची.

तिने दुकानात शिरून आधी दरवाज्याकडे वळून बघितलं, मग पर्समधून घडी घातलेली पानं काढली. तीच अमेरिकन पानं. एकावर पेनाने गोल केलेला.

"काकू, हे आहे का तुमच्याकडे? किंवा असंच दुसरं. छोटं पाहिजे, पर्समध्ये मावलं पाहिजे. आणि अफोर्डेबल."

"लायसन्स आहे का गं तुझ्याकडे?"

"काढते नं. किती दिवस लागतात? काही फास्ट प्रोसेस असते का?"

कशासाठी हवंय ते मी विचारलं. लॅबच्या पार्किंग लॉटमध्ये एक माणूस उभा राहतो, संध्याकाळी सुटायच्या वेळेला. गोष्ट तिने सलग सांगितली, एका दमात, पाठ केल्यासारखी. मी पोलिसांचं विचारलं तर म्हणाली, त्याने अजून काही केलं नाही, मग काय सांगणार. मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं. पर्समध्ये ठेवायची परवानगी कुणालाच नाही. घरी ठेवायचं तेसुद्धा रिकामं आणि कुलपात. ती ऐकत गेली तशी तिचा आवाज चढत गेला.

"मग काय उपयोग आहे त्याचा? अन् मिरचीचा स्प्रे?"

"माणसासाठी बंदी आहे. अस्वलासाठी मिळतो."

"म्हणजे मी अस्वलापासून वाचू शकते," ती म्हणाली, "पण..." आणि थांबली.

मी तिला म्हटलं, हात तर बघू तुझा. काचेतून एक मध्यम पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री करून तिच्या हातात दिलं. खरं तर मला तिला थोडा वेळ थांबवून ठेवायचं होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, वरचा भाग ओढायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर अडकला. ती पुन्हापुन्हा ओढत राहिली. मी बोलता बोलता पुढची माहिती देत होते. कोर्स, परीक्षा, क्लबची मेंबरशिप, मग अर्ज. "आणि अर्जावर नवऱ्याची सही लागते. सही नसली तर ऑफिसवाले त्याला स्वतःहून कळवतात."

तिचे हात थांबले.

"कळवतात म्हणजे? फोन करतात का लेटर येतं घरी?"

"कुठल्याही मार्गाने. त्याला काही सांगायचं असेल तर ते ऐकून घेतात."

"म्हणजे त्याला कळेल की मी अप्लाय केलं."

"कळणारच."

तिने पिस्तूल काउंटरवर ठेवलं. इतकं अलगद ठेवलं की आवाजसुद्धा आला नाही. त्या क्षणी मला कळलं की पार्किंग लॉटमध्ये कुणीही उभं नाही. मी पिस्तूल काचेत ठेवून कुलूप लावलं आणि बाहेरच्या बाजूला, तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाशी बोलताना मी काउंटर सोडून बाहेर आल्याचं मला आठवत नाही.

"पराग?" मी विचारलं.

तिने मान हलवली. मग हळूहळू बाहेर आलं. तो तिच्या गाडीचा मीटर रोज बघायचा. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये. मिल्टनच्या त्या नव्या वस्तीत घरं एकमेकांना खेटून, पण दिवसभर सगळे कामावर, शेजारी कोण राहतं हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात त्याने तिला बेसमेंटमध्ये बंद केलं होतं आणि वर शांतपणे मॅच बघत बसला होता. आता तो म्हणायचा, एक दिवस दोघांचंही संपवून टाकीन.

"कुणाला सांगितलंस?"

सांगितलं होतं. आपल्याकडचं कुणीही माणूस करील तेच तिने केलं होतं. मंडळातल्या एका ज्येष्ठ जोडप्याकडे गेली होती. भली माणसं, मी त्यांना आजही भली म्हणते. त्यांनी दोघांना चहाला बोलावलं. चार माणसांत बसून मिटवू म्हणाले. परागने त्यांना वाकून नमस्कार केला, कामाचा स्ट्रेस आहे काका, माझंच चुकलं म्हणाला. मग काकांनी तिला विचारलं, "अनघा, आता सगळं ठीक ना?" नवरा शेजारी बसलेला. ती "हो" म्हणाली. घरी गेल्यावर काय झालं ते तिने मला सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

"म्हणून वाटलं, उशाखाली काहीतरी असलं तर निदान झोप तरी लागेल," ती म्हणाली.

मी तिला स्पष्ट सांगितलं. "अनघा, आत्ता तुझ्या हातून ते अर्धंसुद्धा ओढलं गेलं नाही. त्या घरात पिस्तूल आलं तर ते तुझ्या हातात कितीसा वेळ राहील?"  मला वाईट वाटलं, पण हे बोलायचं माझं कामच होतं.

मी आत जाऊन वॉल्टरला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने लेथ बंद केला, बाहेर येऊन दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली आणि भर दुपारी दुकान बंद केलं. दुकान वेळेआधी बंद झालेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या ऑफिसात बसून आम्ही बायकांच्या आसऱ्याच्या संस्थेला फोन लावला. फोन अनघानेच केला, मी फक्त शेजारी बसले. तिला घरी जाऊन कपडे आणायचे होते. तिकडच्या बाई म्हणाल्या, कपडे आम्ही देऊ. ती आली होती त्याच पर्सनिशी गेली. आसऱ्याचा पत्ता कुणालाच सांगत नाहीत, मलाही सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही. दुकानाचा नंबर तेवढा तिच्याकडे होता.

नंतरचे दिवस फोनचे. "मंदा, तू त्यांचा संसार मोडलास." "बायकांनी समजूत घालायची असते, पळवून लावायचं नसतं." "पराग रडत होता गं आमच्याकडे." चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. हे म्हणाले, जाऊ दे, कैरीची डाळ मी करतो, आणि खरोखर केली. अगदीच अळणी होती, पण मी दोनदा घेतली.

मग एका सकाळी पराग दुकानात आला.

मी एकटीच होते पुढे. वॉल्टर मागे, लेथ चालू. तो नीट इस्त्री केलेल्या शर्टात, हसत. मला वाटलं अनघा कुठे आहे ते विचारेल. त्याने ते विचारलंच नाही.

"काकू, तुमच्या कोर्सला नाव घालायचंय. पुढची बॅच कधी आहे?"

मी काचेच्या कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.

"काय झालं? मी अप्लाय करू शकतो ना? पोलिस रेकॉर्ड क्लीन आहे माझं. क्लबमध्ये शूटिंग करीन. सेल्फ-डिफेन्स वगैरे नाही म्हणणार, मला रूल्स माहीत आहेत."

"तुझ्या अर्जावर अनघाची सही लागेल."

"नसली तरी चालते. तिला नोटिफाय करतात फक्त. मी वाचलंय सगळं." तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून थोडा पुढे वाकला. "आणि ती काही ऑब्जेक्ट करणार नाही. अनघाने आजपर्यंत कधी चारचौघांत माझ्याविरुद्ध शब्द काढलाय का? तुम्हीच सांगा. ती नाही म्हणतच नाही."

वाचकहो, त्या दुकानात माझ्या आजूबाजूला शेकड्याने बंदुका होत्या आणि त्यातली एकही भरलेली नव्हती. त्या तशाच राहाव्यात म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांना बजावत आले होते.  मी म्हटलं, "मी तुला शिकवणार नाही."

"ठीक आहे. मिसिसागात दुसरे इन्स्ट्रक्टर आहेत."

ते खरं होतं. त्याला मी अडवू शकत नव्हते. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट आहे जी बाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्याच्या हातात बंदूक गेली तर धोका आहे असं वाटलं, तर कुणीही लायसन्सच्या ऑफिसला कळवू शकतं. मी फोन उचलला आणि त्याच्यासमोर नंबर फिरवला. पलीकडे माणूस आला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, इन्स्ट्रक्टर आहे हे सांगितलं आणि म्हटलं की एक माणूस लायसन्ससाठी अर्ज करायच्या बेतात आहे, तो आत्ता माझ्यासमोर उभा आहे, आणि त्याच्या बायकोला त्याच्यापासून जिवाची भीती आहे. परागचं नाव सांगितलं, आडनावाचं एकेक अक्षर सांगितलं. त्याचं हसू एवढ्यात कुठे तरी नाहीसं झालं. लेथ कधी थांबला होता मला कळलं नाही, पण वॉल्टर मागच्या दारात हात पुसत उभा होता.

"तुम्ही फार मोठी चूक करताय, काकू," पराग मराठीत म्हणाला आणि निघून गेला.

त्याने मिसिसागातून कोर्स केला आणि अर्जही केला. हे मला पुढे समजलं. ऑफिसातल्या त्या माणसाने मला तेव्हाच सांगितलं होतं की तुमचं म्हणणं नोंदवलंय, पण आम्ही त्यांच्या मिसेसशी बोलू आणि त्या काय म्हणतात यावर पुष्कळ अवलंबून असेल. तुम्ही त्यांना काही पढवू नका. मी कशी पढवणार? मला ती कुठे आहे तेच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की चहाच्या टेबलाशी तिला विचारलं गेलं तेव्हा ती "हो, सगळं ठीक" म्हणाली होती. माझी सगळी बडबड, माझं नाव, माझा अनुभव, सगळं त्या एका बाईच्या तोंडून काय निघतं यावर टांगलेलं होतं. ती पुन्हा एकदा ठीक म्हणाली तर परागला त्याला हवी ती बंदूक कायद्याने मिळणार होती.

त्या काळात नागपूरहून तिच्या आईचे, सासूचे फोन चालू होते, ते तिने मला मागाहून सांगितलं. दोघींचं म्हणणं एकच. सरकारी माणसांपुढे घरातलं काढू नकोस, जे विचारतील त्याला ठीक आहे म्हण, म्हणजे तो निवळेल, मग आपण बघू. आई रडायची. स्वतःच्या आईला नाही म्हणणं किती जड जातं ते मला माहीत आहे.

आज अनघा मॉन्ट्रियलला आहे. तिथल्या एका लॅबमध्ये काम करते, फ्रेंच शिकली, माझ्याशी मराठीत बोलताना मध्येच 'हो'ऐवजी 'वुई' म्हणते आणि स्वतःच हसते. परागला लायसन्स मिळालं नाही. ज्या ज्येष्ठ काकांनी चहाला बोलावलं होतं ते दोन वर्षांनी मला हॉलच्या पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "मंदाताई, आम्ही तिला त्याच्यासमोरच विचारलं, तिथेच चुकलो." मी म्हटलं, काका, सगळेच असंच करतात. मी दुकानात विकलेल्या बंदुकांवर गप्पा मारायला मला आवडतं, पण अभिमान म्हणाल तर तो मला यातल्या एका दिवसाचा आहे, आणि त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं.

जूनमधली दुपार होती. एका शेतकऱ्याला मी रायफलीवर दुर्बीण बसवून देत होते तेवढ्यात फोन वाजला. आवाज अनघाचा.

"काकू, त्यांचा कॉल आला होता आज. त्या ऑफिसमधून."

"बरं." माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

"त्यांनी विचारलं, डू यू हॅव एनी कन्सर्न्स? माझ्या तोंडात नेहमीचं आलंच होतं. नो, एव्हरीथिंग इज फाइन. अगदी जिभेवर होतं." मी स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला.  "मग मी म्हटलं, यस. आय हॅव. अन् सगळं सांगितलं त्यांना. बेसमेंटचं पण. खूप वेळ बोलत होती मी, काकू. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही."

 मी एवढंच म्हटलं, "शाब्बास." ती रडायला लागली आणि मग आम्ही दोघीही तशाच फोन धरून राहिलो. शेतकरी बिचारा सीलिंगकडे बघत उभा होता.

फोन ठेवला आणि मी तशीच मागे वर्कशॉपच्या दारात गेले. "बोलली रे वॉल्टर, पोरगी खरं बोलली. घाबरली नाही. सगळं सांगितलं तिने," मी म्हणत होते, आणि सगळं मराठीत बोलतेय हे माझ्या लक्षातच आलं नाही. वॉल्टरने लेथ बंद केला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाला, "गुड फॉर हर."